विश्लेषण : ‘ड्रंक अँड ड्राइव्ह’चा आकडा वाढला, म्हणजे गाव बिघडले का?

३१ डिसेंबरच्या रात्री नाकाबंदी लागते आणि १ जानेवारीला आकडा येतो : इतक्या तळीरामांवर कारवाई. होळीची कर असो की पोळ्याची, तेव्हाही तेच. आकडा गेल्या वर्षीपेक्षा मोठा असला की तरुण पिढी वाया गेल्याची हळहळ होते; लहान असला की शिस्त आल्याचे समाधान. अमेरिकेत तर मद्यपी चालकांच्या अटकेचे लोकसंख्येशी असलेले प्रमाण हे वस्तीच्या स्वास्थ्याचे माप म्हणूनही वापरले जाते. हेच माप नांदगाव खंडेश्वरला लावले तर काय हाती लागेल? अमरावतीहून पस्तीसेक किलोमीटरवरच्या या गावातून बडनेरा-नेर-यवतमाळ रस्ता जातो. तालुक्यातून जुना नागपूर-औरंगाबाद मार्ग आणि आता समृद्धी महामार्गही जातो. त्यामुळे हे माप तपासून पाहायला यापेक्षा सोयीचा तालुका मिळणार नाही.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना वाहन चालवणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुढच्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही. हेल्मेट नसल्याचा दंड जसा रस्त्यावर भरून सुटता येते, तसे येथे नाही. प्रकरण न्यायालयातच जाते.

कलम २०३ प्रमाणे गणवेशातील पोलिसाला संशयाला वाजवी कारण असेल तर चालकाला यंत्रात फुंकायला सांगता येते. कलम २०२ प्रमाणे विनावॉरंट अटकही करता येते. पण अटक केल्यापासून दोन तासांत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली नाही, तर त्याला सोडून द्यावे लागते. ही अट आरोपीच्या हिताची आहे आणि योग्यच आहे. मात्र तालुक्याच्या ठिकाणी रात्री अकरा वाजता तिचा अर्थ असा की, एका दुचाकीस्वारासाठी निदान एक शिपाई ग्रामीण रुग्णालयात अडकला, डॉक्टर दुसऱ्या रुग्णात असले तर खोळंबला, आणि तेवढा वेळ रस्त्यावर एक माणूस कमी झाला. म्हणून बहुतेक ठिकाणी प्रत्यक्ष अटक क्वचितच होते. यंत्रातून निघालेली चिठ्ठी जोडायची, गाडी ठाण्यात लावायची आणि खटला पाठवायचा, हीच रीत. ‘अटकेचे प्रमाण’ असे जे म्हटले जाते, ते आपल्याकडे बरेचदा दाखल खटल्यांचे प्रमाण असते.

मग आकडा नेमके काय मोजतो?

सर्वांत आधी, पोलिसांनी किती रात्री रस्त्यावर काढल्या ते. मार्च २०२० मध्ये करोनाच्या भीतीने मुंबईसह अनेक शहरांत फुंकण्याची यंत्रे बाजूला ठेवली गेली. त्या काळात खटले घटले, पण त्यावरून लोकांनी पिणे सोडले असा निष्कर्ष कोणी काढला नाही. एप्रिल २०१६ पासून दारूबंदी असलेल्या बिहारमध्ये दारूच्या गुन्ह्यांतील अटका काही लाखांत गेल्या. तेथेही आकड्याने कायदा किती कडक हे सांगितले; शेजारच्या राज्यापेक्षा बिहारी माणूस जास्त पितो, असे त्यातून निघत नाही.

समजा, एका ठाण्यात वर्षभरात सहा खटले झाले. नवा अधिकारी आला, त्याने एक बिघडलेले यंत्र दुरुस्त करून घेतले आणि बाजाराच्या संध्याकाळी फाट्यावर नाकाबंदी लावली. पुढच्या वर्षी खटले अठ्ठेचाळीस झाले. कागदावर तालुका आठपट बिघडला. आढावा बैठकीत हाच आकडा गुन्हेगारीच्या रकान्यात धरला गेला, तर त्या अधिकाऱ्याने तिसऱ्या वर्षी काय करावे? शांत बसावे. हे माप निरुपयोगी असते तर एक वेळ चालले असते, पण ते काम करणाऱ्यालाच शिक्षा करते.

समृद्धीवरचा चालक कोणाच्या खात्यात?

११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ पासून हा ७०१ किलोमीटरचा रस्ता थेट मुंबईच्या वेशीपर्यंत खुला आहे. त्यावर दुचाकीला प्रवेश नाही. म्हणजे नांदगावचा शेतमजूर, दुकानदार किंवा कॉलेजचा पोरगा तेथे सापडण्याची शक्यता कमीच. जो सापडेल तो नागपूरहून निघालेला किंवा संभाजीनगरकडून येणारा. त्याचा खटला मात्र स्थानिक ठाण्यात नोंदवला जाणार. त्याला तालुक्याच्या लोकसंख्येने भागले की जो दर निघतो, त्यात अंश एका गावचा आणि छेद दुसऱ्या गावचा असतो.

अमरावतीच्या पूर्वेला वर्धा जिल्हा आहे आणि तेथे दारूबंदी आहे. नदी ओलांडून येऊन पिणारा माणूस परतीच्या वाटेवर अलीकडच्या काठी पकडला गेला तर तो अमरावतीच्या आकड्यात, पलीकडे गेला तर वर्ध्याच्या. महामार्गालगतच्या दारू दुकानांबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये ५०० मीटरची अट घातली. पुढे २० हजारांपर्यंतच्या वस्तीसाठी ती २२० मीटर झाली आणि नंतर नागरी हद्दींना सवलत मिळाली. दुकान रस्त्यापासून किती आत, यावर पिऊन गाडी चालवण्याचे अंतर ठरते. गावाच्या चारित्र्याशी त्याचा फारसा संबंध नाही.

जे मोजलेच जात नाही ते काय?

खरी अडचण येथे आहे. रात्री नेर रस्त्यावर दुचाकी पुलाच्या कठड्याला धडकते, चालक जागीच जातो. दुसऱ्या दिवशीच्या नोंदीत ठरलेले वाक्य उतरते : वाहन हयगयीने व निष्काळजीपणे चालवून स्वतःच्या मरणास कारणीभूत. तो प्यायला होता का? शवविच्छेदनावेळी रक्ताचा नमुना त्यासाठी वेगळा घेतला, अमरावतीच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पाठवला आणि अहवाल मूळ नोंदीला जोडला, तरच हे कळणार.

आणि ते कळावे, असे घरच्यांना वाटण्याचे कारण नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूसाठी दोन लाख रुपये मिळतात. मात्र अमली पदार्थांच्या अमलाखाली झालेला अपघात योजनेतून वगळलेला आहे. कापूस-सोयाबीनच्या कोरडवाहू घरात कर्ता गेला, पीककर्ज थकलेले, पोरीची फी बाकी. अशा वेळी नमुन्यात काय निघेल, या प्रश्नाला दोन लाखांचे वजन येते. पंचनाम्याला आलेला पोलीस पाटील गावचाच, डॉक्टरही ओळखीचे. ‘आता गेलेल्या माणसाची काय चौकशी करता, साहेब’ एवढ्यावर विषय मिटतो. कोणी लाच देत नाही, कोणी खोटेही बोलत नाही. फक्त एक रकाना कोरा राहतो. दया म्हणून हे समजण्यासारखे आहे. पण पुढच्या वर्षी त्याच वळणावर कोणाचा जीव जाईल, हेही त्या कोऱ्या रकान्यावर अवलंबून असते.

देशपातळीवर हा परिणाम दिसतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात अपघाती मृत्यू १ लाख ६८ हजार ४९१. त्यांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त अतिवेगाच्या नावावर आणि दारू वा अमली पदार्थांच्या नावावर जेमतेम अडीच टक्के. हा अडीचचा आकडा म्हणजे तपासणीचा तुटवडा असावा, असे मानायला भरपूर जागा आहे. भरधाव गाडी चालवणाऱ्याने आधी काय घेतले होते, हे कोणी विचारलेच नाही तर मृत्यू वेगाच्याच खात्यात जाणार. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगर अपघातानंतर अल्पवयीन चालकाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील दोन डॉक्टरांना अटक झाली. साऱ्या देशाची नजर असलेल्या प्रकरणात हे आरोप झाले; नांदगावच्या नमुन्याकडे तर कोणाचीच नजर नसते.

मग मोजायचे काय?

अमेरिकेतील ‘काउंटी हेल्थ रँकिंग्ज’ या बहुचर्चित क्रमवारीने अटकांऐवजी दुसरे माप निवडले : वाहन चालवताना झालेल्या मृत्यूंपैकी किती मृत्यूंत दारूचा संबंध होता. पोलिसांच्या उत्साहाने तो दर फुगत नाही. पण त्यासाठी प्रत्येक मृत चालकाची रक्ततपासणी नेमाने व्हावी लागते. ती करायची तर अनुदानाची अट आणि तपासणीचा अहवाल यांची गाठ सोडवावी लागेल. निदान वारसांच्या मदतीपुरती तरी ही वगळणूक सरकारने रद्द करावी. मेलेल्या माणसाला त्या अटीने धाक बसत नाही, विधवेला मात्र बसतो.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सने १९८२ च्या डिसेंबरपासून संशय असो-नसो, कोणत्याही चालकाची श्वासचाचणी घेणे सुरू केले. त्यामुळे ‘शंभर चाचण्यांमागे किती दोषी’ हे प्रमाण काढता येते, आणि नाकाबंदी वाढली म्हणून ते आपोआप वाढत नाही. आपल्या कलम २०३ मध्ये संशयाची अट असल्याने हे जसेच्या तसे उचलता येणार नाही. तरी किती जणांना फुंकायला लावले याची नोंद ठेवायला कायदा आड येत नाही.

दारू सर्वांत आधी जिथे कळते, तिथली नोंदही आहे. महाराष्ट्रात २००८ च्या आदेशानुसार गावातील एक चतुर्थांश महिला मतदारांनी मागणी केली तर दारू दुकानासाठी गुप्त मतदान घेता येते : उभी बाटली की आडवी. दुकान बंद होण्यासाठी यादीतील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडवीला पडावी लागतात, म्हणजे गैरहजर बाईही उभ्या बाटलीच्याच बाजूने धरली जाते. तालुक्यातून असे किती अर्ज आले आणि किती सह्यांच्या पडताळणीत अडकले, हा आकडा नाकाबंदीच्या आकड्यापेक्षा घराघरांतील स्थिती जास्त सांगेल.

तोवर १ जानेवारीच्या प्रसिद्धिपत्रकात कारवाईच्या आकड्याशेजारी आणखी तीन आकडे छापायला खर्च येत नाही : किती तास नाकाबंदी होती, किती यंत्रे चालू होती आणि किती चालकांची चाचणी झाली.