शाळेचा निरोप

शाळेतून घरी चिठ्ठी आली, की प्रथम माणसांच्या पोटात गोळा उठतो आणि मग ती चिठ्ठी वाचली जाते. याला कारण शाळाच. फी थकली, गुण घसरले किंवा चिरंजीवांनी कुणाचे डोके फोडले, याखेरीज चौथ्या कारणासाठी शाळेने घराला लिहिल्याचे फारसे ऐकिवात नाही. प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही स्वतःच ठोकून देणारे बहाद्दर काही उगाच निपजले नाहीत!

आता चिठ्ठी गेली आणि व्हॉट्सॲपचा वर्गगट आला. 2020 साली करोनाने शाळांना कुलपे घातली, तेव्हा या गटांनी मोठे काम केले, हे कबूल केलेच पाहिजे. कुलपे निघाली, गट मात्र राहिले. सकाळी गुलाबाची फुले, मागोमाग ‘उद्या पांढरा गणवेश’, आणि त्याखाली चाळीस पालकांचे चाळीस नमस्कार. त्या गर्दीत गणवेश कुठल्या कुठे वाहून जातो. याहून वाईट म्हणजे फी थकलेल्यांची यादी. पूर्वी ही गोष्ट मुख्याध्यापकांच्या खोलीत, दार लोटून, हलक्या आवाजात होई. आता ती गटावर पडली, की साऱ्या आळीला कळते, आणि दुसऱ्या दिवशी त्या घरचा मुलगा पोट दुखते म्हणून अंथरुणातून उठत नाही.

आमच्या चोपड्याहून तापी ओलांडून गेले, की अमळनेर. तेथील प्रताप हायस्कुलात साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात शिक्षक होते आणि छात्रालयही सांभाळीत. छात्रालयातल्या मुलांसाठी ते एक दैनिक काढीत, आणि तेही हस्तलिखित! दिवसभर वर्ग घ्यायचे, मुलांची अंथरुणे-कपडे आवरायचे, आणि शिवाय रोज स्वतःच्या हाताने लिहायचे. 1928 साली त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिकही सुरू केले. मासिक काढायला हौस पुरते. रोज मुलांसाठी लिहायचे तर त्यांच्याशी बोलण्यासारखे आपल्यापाशी काही असावे लागते. त्या मुलांना तेथे घर नव्हते, आणि शाळेकडून येणारा शब्द घरच्यासारखा यावा, एवढी काळजी एका मास्तरांनी वाहिली. साधने कोणती, तर कागद आणि दौत.

आमच्याकडची खरी अडचण वेगळीच आहे. फोन वडिलांच्या खिशात, आणि वडील शेतात नाहीतर ट्रकवर. मुलाच्या पाठीशी बसते ती आई. तिची बोली अहिराणी, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर पावरी. ‘सर्व पालकांना सूचित करण्यात येते की’ असे तिच्याशी जन्मात कुणी बोललेले नसते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि एकंदर निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरवून दिले. कायदा उत्तम, पण सभेला बोलावणारी सूचनाच तिला उमगली नाही, तर ती येऊन सही करील आणि पदर सावरून परत जाईल.

मी मराठीचा प्राध्यापक. शुद्धलेखनाचे गुण कापणे हा माझ्या पोटापाण्याचा धंदा! तरीही माझ्या एका शिक्षकमित्राने जे केले ते मला फार आवडले. त्याने लेखी सूचनांना फाटा दिला आणि आठवड्यातून एकदा प्रत्येक घरी आपल्या आवाजात निरोप धाडू लागला. गटावर नव्हे, ज्याचा त्याला. फीचे नाव नाही, गुणांचे नाही. एका निरोपात एवढेच होते: ‘तुमना पोऱ्या मस्त वाचस व माय.’

रात्री वडील घरी आल्यावर आईने तो निरोप तीनदा लावायला लावला, आणि तिसऱ्यांदा शेजारणीला हाक मारून. मुलगा दाराआड उभा राहून ऐकत होता. मास्तरांची मात्र आता पंचाईत झाली आहे. शनिवारी निरोप गेला नाही, तर रविवारी सकाळी बाई स्वतःच फोन करून विचारतात, ‘काय हो गुरुजी, या आठवड्यात काही वाचलं नाही का त्याने?’