‘सिकल पॉझिटिव्ह’ म्हणजे वाहक की रुग्ण? नोंद नीट झाली पाहिजे

सरकारी दवाखान्यात केसपेपर काढताना आता ‘आभा’ क्रमांक विचारतात. २०२१ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा हा १४ अंकी क्रमांक. आपली संमती असेल तर आपले रिपोर्ट त्यावरून एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात जाऊ शकतात. सोय चांगली आहे. पण रिपोर्टबरोबर चुकीची नोंदही तितक्याच वेगाने जाते, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे.

संगणक आजार ओळखतो तो सांकेतिक क्रमांकावरून. एक दवाखाना आयसीडी-१० ही यादी वापरतो, दुसरा स्नोमेड सीटी. दोन याद्यांचा मेळ घालणाऱ्या यंत्रणेला टर्मिनॉलॉजी सर्व्हर म्हणतात. तो दुभाष्याचे काम करतो. एका यादीतला शब्द दुसरीतल्या शब्दाशी तंतोतंत जुळतो, की त्याचा अर्थ जास्त व्यापक आहे, हे त्याला आधी माणसांनी सांगून ठेवावे लागते. ते चुकले तर दुभाष्याही चुकतो.

विदर्भात आपल्या समाजात सिकल सेल किती घरांत आहे, हे वेगळे सांगायला नको. वस्तीतल्या शिबिरात सोल्युबिलिटी चाचणी होते आणि कागदावर ‘सिकल पॉझिटिव्ह’ असे लिहून मिळते. ही चाचणी वाहकाची म्हणजे एएसची असली तरी पॉझिटिव्ह येते आणि रुग्णाची म्हणजे एसएसची असली तरी. फरक कळतो तो इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीतून. आयसीडी-१० मध्ये वाहकाला डी ५७.३ आणि त्रास उठलेला नसताना रुग्णाला डी ५७.१ असे वेगळे क्रमांक आहेत. मग नुसते ‘पॉझिटिव्ह’ कुठे बसवायचे?

ते आजाराच्या खान्यात बसवले, तर धडधाकट वाहक मुलीवर कायमचा रुग्णाचा शिक्का बसतो आणि जुळलेली सोयरीक मोडते. एसएस मुलाच्या कागदावर नुसते ‘रक्त कमी’ लिहिले, तर तो डी ६४.९ म्हणजे ‘कारण न सांगितलेला ॲनिमिया’ ठरतो. रात्री हातपाय दुखून तो तळमळत आला, तर नव्या डॉक्टरला खरे कारण दिसत नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मधील २१ प्रकारांत सिकल सेल आजार आहे, पण दाखला मागताना त्याच्या नोंदीत तो आजारच सापडत नाही.

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे: पक्की तपासणी होईपर्यंत ‘पॉझिटिव्ह’ची नोंद ‘चाचणी पॉझिटिव्ह, प्रकार ठरायचा आहे’ अशीच राहिली पाहिजे. दुभाष्याने अंदाज करू नये. याद्या जुळवणाऱ्यांनी वस्तीत काम करणाऱ्या आशाताई, परिचारिका आणि रुग्णांच्या घरच्यांना विचारावे. ‘सिकल’ या एका शब्दात किती अर्थ दडलेत, ते त्यांना ठाऊक आहे.

आपणही गप्प बसू नये. पक्की तपासणी झाली की रिपोर्टवर एएस की एसएस हे लिहून मागा आणि तो कागद जपून ठेवा. लग्न ठरवताना दोघांचेही रिपोर्ट पाहा. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता चारात एक असते. ‘आभा’वरची नोंद मोबाइलवर उघडून वाचा किंवा शिकल्या मुलांकडून वाचून घ्या. चूक दिसली तर जिथे नोंद झाली तिथे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.