अडलेली पेटी

स्वतःच्या कानावर पेटी शिकलेला रत्नागिरीकर तरुण एका पायरीवर अडला, कीं 'गुरूवांचून असेंच होणार' असा निवाडा देऊन मंडळी मोकळी होतात. आणि तोही पेटी कायमची माळ्यावर टाकतो. आम्हांस हा निवाडा साफ अमान्य आहे. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांस पेटी हात धरून कोणी शिकविली नव्हती. याच जिल्ह्यांत, गुहागरकडे १९२५ सालीं जन्मलेल्या गोविंदराव पटवर्धनांनींही ती बहुतांशीं आपली आपणच साध्य केली. टेंब्यांच्या कानांत मात्र भास्करबुवा बखल्यांचें गाणें होतें, आणि पेटीकडून तेंच वदवून घेण्याचा त्यांचा ध्यास होता.

आमच्या तरुणाचें अडतें तें निराळ्याच ठिकाणीं. गणपतींतल्या आरत्या, वाडीचें भजन, चाळीसभर नाट्यपदें, सारें काळी एकमध्यें! वाट बोटांना पाठ, कानाला नव्हे. गायकानें पांढरी पांच मागितली, कीं तींच बोटें चांचपडूं लागतात. त्यावर हा करतो काय? आणखी एक पद बसवितो, नाहीं तर पट्टी सरकविणारी महागडी 'स्केलचेंजर' पेटी घेतो! मैफलींत ती सोयीची, हें आम्ही नाकारीत नाहीं. शिकणाऱ्याला तो पांगुळगाडा आहे. त्यापेक्षां येत असलेलें एकच पद बाराही पट्ट्यांतून, लाज वाटेल इतकें सावकाश, वाजवावें. पहिला महिना हात पूर्वीहून वाईट वाटेल, शेजारी हंसतील. हंसोत. पेटी चुकली तरी न थांबणारा एखादा गायक गांठून त्याच्यामागें बसावें, आणि पुढच्या भाद्रपदापर्यंत एकेचाळिसाव्या पदाला हात लावूं नये.