शिडाच्या होडीतून जंजिरा

‘जंजिरा’ हा शब्द आला अरबीतल्या ‘जझीरा’वरून. अर्थ नुसता बेट. आपल्या घरातल्या कानडीत सांगायचे तर नडुगड्डे. म्हणजे ‘जंजिरा बेट’ म्हणताना आपण ‘बेट बेट’ म्हणतो, पण असो.

माझी अक्का सुरतेजवळ कामरेजला असते. दिवाळीच्या सुट्टीत ती मंडळी खाली आली, आम्ही बेळगावहून वर गेलो आणि मुरुडला गाठ पडली. राजपुरीच्या धक्क्यावरून किल्ल्याला शिडाच्या होड्या जातात. आमच्या होडीत इंजिनाची धडधड नव्हती. नावाड्याने शीड सोडले, वारा भरला, होडी एका अंगावर कलली आणि अक्काने दाजींचा दंड धरला तो उतरेपर्यंत सोडला नाही. पंधरा-वीस मिनिटांचे अंतर. पण त्या वेळात तटाला दरवाजा कुठे दिसेल तर शपथ! दोन बुरुजांच्या आड तो असा दडवला आहे की अगदी जवळ गेल्यावरच उलगडतो. लाटेबरोबर होडी वर आली की पायरीवर पाय टाकायचा. साडी नेसलेल्या बायकांची इथे परीक्षाच.

आत गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत. चहूबाजूंनी खारे पाणी असताना! मला विचाराल तर कलालबांगडी तोफेपेक्षा ह्या तलावांपाशी जास्त वेळ थांबावे. पाणी होते म्हणून किल्ला टिकला. शिवाजी महाराजांनी अनेकदा प्रयत्न केले, समोर कासा बेटावर पद्मदुर्ग बांधला. संभाजी महाराजांनी 1682 च्या सुमारास खाडीत भराव घालून वाट करायला घेतली. तरी जंजिरा सिद्दींकडेच राहिला, तो थेट 1948 मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत.

दाजींना भारी वाटली ती सुरतेची गोष्ट. मोगलांचे आरमार सांभाळण्याबद्दल सिद्दींना पैसा मिळे तो सुरतेच्या महसुलातून. पुढे सुरतेचा किल्लाही त्यांच्या हाती होता. 1759 मध्ये तो इंग्रजांनी घेतला. त्याहून गमतीचा 1791 चा करार. जंजिऱ्याच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या एका सिद्दी वारसाला पेशव्यांनी सुरतेजवळचे सचिन देऊन त्या बदल्यात त्याचा जंजिऱ्यावरचा हक्क घेतला. सचिनचे संस्थान उभे राहिले. जंजिरा मात्र दुसऱ्याच सिद्दीच्या ताब्यात होता, तो पेशव्यांना मिळालाच नाही. कागदावर किल्ला घेणे सोपे!

“मामा, हे सिद्दी म्हणजे आफ्रिकेतले ना? मग आता कुठे गेले?” भाचीने विचारले. प्रश्न तिचा, पण उत्तर आपल्या दाराशी आहे. हल्याळ, यल्लापूरच्या जंगलपट्ट्यातले सिद्दी आपण बाजारात पाहतो. त्यांचे पूर्वज जंजिऱ्याचे सरदार नव्हेत. बहुतेक जण पोर्तुगीजांच्या गोव्यातून गुलामगिरी सोडून रानात शिरलेले. त्यांच्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती तिन्ही आहेत. कोकणी, कानडी, मराठी आपल्यासारखीच बोलतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींना 2003 मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. 2020 मध्ये शांताराम सिद्दी यांची कर्नाटक विधान परिषदेवर नेमणूक झाली.

माझ्या वर्गात हल्याळकडचा एक सिद्दी मुलगा आहे. अस्खलित मराठीत बोलतो, तरी नवीन मुले त्याला पहिल्या दिवशी “तू कुठल्या देशाचा?” असे विचारतात. तो शांतपणे गावाचे नाव सांगतो. दरवर्षी तेच. इतिहासाच्या तासाला जंजिरा शिकवतो तेव्हा हीच मुले सिद्दींच्या शौर्यावर टिपणे लिहून घेतात, पण मागच्या बाकाकडे वळून पाहत नाहीत. यंदा किल्ल्याचे फोटो दाखवले तेव्हा त्यानेच पहिला प्रश्न विचारला, “सर, तलावातलं पाणी उन्हाळ्यात आटतं का?”

नाताळात दाजी आम्हाला सचिन दाखवणार आहेत. तिथल्या नवाबांच्या वाड्याची चौकशी त्यांनी आतापासूनच सुरू केली आहे.