बाळ रात्री का उठते आणि लाइट रात्री का येते?

जुन्नर-आंबेगावच्या मळ्यातल्या एखाद्या वस्तीवर रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. बाळ दूध पिऊन झोपले, म्हणून आई भांडी घासायला घेते. पाऊण तासात रडणे सुरू. आजी म्हणते, "दृष्ट लागली असेल." शेजारीण म्हणते, "दूध पुरत नसेल." तेवढ्यात शेतीची लाइट येते आणि बाळाचे वडील बॅटरी-काठी घेऊन कांद्याची दारे धरायला निघतात. उरलेली रात्र आई एकटी. एक कान पाळण्याकडे, एक कान उसाकडे.

बाळाला झोपवायचे कसे, यावर मोबाइलवर ढिगाने सल्ले मिळतात. त्यातले बरेच वेगळी खोली, जाड पडदे आणि शांत घर गृहीत धरतात. मळ्यातल्या घरासाठी आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. बाळाची झोप ही आईची परीक्षा नाही. ते सगळ्या घराचे काम आहे, आणि काही अंशी सरकारचेही.

झोपलेले बाळ पुन्हा का उठते?

मोठ्या माणसाच्या झोपेचे एक चक्र साधारण दीड तासाचे असते, तान्ह्या बाळाचे ५० मिनिटांच्या आसपास. चक्र संपताना झोप उथळ होते. मांडीवर किंवा झोके घेत झोपलेल्या बाळाला जाग येते तेव्हा ना मांडी असते, ना झोका. मग ते रडून तेच परत मागते.

पहिल्या काही महिन्यांत जवळपास निम्मी झोप 'हलती' असते. बाळ हातपाय हलवते, तोंड वाकडे करते, कुरकुरते, पण झोपेतच असते. आपण घाईने उचलतो आणि खरोखर जागे करतो.

दिवस आणि रात्र यांतला फरक बाळाच्या शरीराला दोन-तीन महिन्यांनंतर कळू लागतो. शिवाय पोट लहान असते. त्यामुळे सहा महिन्यांच्या आतले बाळ रात्री दुधासाठी उठते, यात आईच्या दुधाचा दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ४ ते ११ महिन्यांच्या बाळाला दिवसभरात, डुलक्या धरून, १२ ते १६ तास झोप लागते. ही झोप सलग असेल, असे कोणी म्हटलेले नाही.

घरात काय करता येईल?

- सकाळी बाळाला अंगणातल्या उजेडात आणा. संध्याकाळनंतर दिवा मंद, टीव्ही बंद.
- रोज एकच क्रम ठेवा: अंग पुसणे, कोरडे लंगोट, दूध, अंगाई. क्रम कोणता यापेक्षा तो रोज तोच असणे महत्त्वाचे.
- चार-पाच महिन्यांनंतर बाळ पेंगुळले की पूर्ण झोपण्याआधीच जागेवर ठेवा. छातीवर हलका हात ठेवा. रोज जमणार नाही. आठवड्यातून दोनदा जमले तरी सुरुवात झाली.
- कुरकुर ऐकली की मिनिटभर थांबा, मगच उचला.
- रात्रीचे दूध अंधारात, न बोलता द्या. मोबाइलचा उजेड नको.
- बाळाला पाठीवर, सपाट जागी झोपवा. उशी नको, तोंडावर गोधडी नको. झोळीत हनुवटी छातीला टेकली तर श्वासाला अडथळा होतो. म्हणून रात्रीच्या लांब झोपेसाठी सपाट जागाच बरी. बंद खोलीत धुमसती शेगडी ठेवू नका.

ताप, धाप, दूध न पिणे, अंग सैल पडणे किंवा नेहमीपेक्षा वेगळे, न थांबणारे रडणे असेल, तर हा झोपेचा प्रश्न नाही. लगेच दवाखाना गाठा.

'गुंगीचे दोन थेंब' नकोत

थकलेल्या घराला सोपा उपाय सुचतो: खोकल्याच्या औषधाचे थोडे थेंब, कुणी सांगितलेली गुटी, मधाचे बोट. गुंगीने बाळाचा श्वास मंदावू शकतो. वर्षाच्या आत मध दिल्यास गंभीर विषबाधेचा धोका असतो. सहा महिन्यांपर्यंत डॉक्टरांनी सांगितलेले औषध सोडले, तर आईच्या दुधाशिवाय काही नको.

तरीही असे थेंब देणाऱ्या आईला दोष देऊन भागत नाही. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या अनेक आया तान्ह्या बाळांना अफूची बाळगोळी देत. बाळ झोपून राहिले तरच पाळी करता येई. त्या आया निर्दय नव्हत्या. त्यांच्या कामाचे तास निर्दय होते. उत्तरही निव्वळ उपदेशातून आले नाही. मुंबई विधिमंडळात मातृत्व लाभाचे विधेयक आले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली त्याला पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये कायदा झाला. बाळाच्या झोपेचा प्रश्न मोठ्यांच्या कामाच्या वेळेशी जोडलेला असतो, हे आपल्या राज्याने तेव्हाच पाहिले होते.

आता आपल्या रात्रीकडे पाहू

शेतीची थ्री-फेज वीज पाळीने मिळते: काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात. ऊस, पाणी आणि बिबट्या इथे एकत्र नांदतात. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचे जीव गेले, तेव्हा लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखला. दिवसा वीज द्या, ही मागणी या भागात जुनीच आहे.

ही मागणी करताना आपण साप, बिबट्या आणि शेतकऱ्याचे जागरण मोजतो. घरात एकट्या पडलेल्या आईचे जागरण कुणी मोजत नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे, तिचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये आला आणि दिवसा वीज हाच तिचा हेतू आहे. बिबट्याच्या गावांना त्यात पहिला नंबर मिळायला हवा.

दिवसा वीज आली तरी बाळ उठेलच, असे कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण तेव्हा घरात हातांची दुसरी जोडी असेल. अर्थात, लाइट नसलेल्या रात्रीही किती वडील उठतात, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. दूध आईच पाजेल. पण लंगोट बदलणे, खांद्यावर घेऊन ढेकर काढणे, पुन्हा जागेवर झोपवणे याला बाईच लागते असे नाही. निम्मी रात्र वडिलांनी, पहाट आजीने वाटून घेतली, तर आईला सलग चार तास मिळतात.

सर्वांत कठीण रात्र असते ती ऊसतोड मजुरांच्या कोपीत आणि मेंढपाळांच्या वाड्यावर. तिथे मंद दिवा आणि अंगाईचा सल्ला अपुरा आहे. बिबट्याच्या पट्ट्यात उघड्यावर झोपणाऱ्या बाळाला आधी दार असलेला निवारा हवा. तोडीच्या हंगामात तो देणे ही कारखाना आणि प्रशासन यांची जबाबदारी आहे.

एक गोष्ट मात्र उद्यापासून होऊ शकते. बाळ ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांचे असताना आशाताई घरी येतात. वजन आणि लसींबरोबर त्यांनी आणखी एक प्रश्न विचारावा: "रात्री बाळाला कोण घेतं?" आणि तो आईला नव्हे, घरातल्या सगळ्यांसमोर विचारावा.