ओपन, क्लोज आणि मधला वेळ

जुगार आपल्याकडे नवा नाही. द्यूताच्या पटावर राज्य हरणाऱ्या धर्मराजाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. अलीकडच्या काळात मुंबईत न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर आकडा लागे. १९६२ साली कल्याणजी भगत यांनी मटका सुरू केला आणि पुढे रतन खत्रींचे नाव घरोघर पोहोचले. मटक्याने संसार बुडवले, यात शंका नाही. पण 'ओपन' आणि 'क्लोज' यांच्यामध्ये काही वेळ जाई. आकडा लावायला घराबाहेर पडावे लागे, वाटेत कोणी ओळखीचे भेटे, खिशातल्या नोटा स्वतःच्या हाताने मोजून द्याव्या लागत. तेवढ्यात एखाद्याला घर आठवे, एखाद्याला लाज वाटे.

मोबाईलने नेमका हा मधला वेळ काढून घेतला. एक डाव संपतो न संपतो तोच दुसरा समोर. रात्री दोन वाजता, पांघरुणात, पाहणारे कोणी नाही. हरलेले भरून काढायला पुन्हा डाव, त्यासाठी उसनवारी, मग घरात खोटे बोलणे. पहिल्याच दिवशी मोठी रक्कम जिंकलेला, आधीच कर्जात असलेला, एकटा राहणारा माणूस यात लवकर सापडतो. जागतिक आरोग्य संघटना जुगाराच्या व्यसनाची गणना आजारांत करते; आपण मात्र 'मुलगा बिघडला' म्हणून मोकळे होतो!

जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत तेव्हाचे कृषिमंत्री, आपल्याच जिल्ह्यातील सिन्नरचे आमदार माणिकराव कोकाटे यांच्या मोबाईलवर रमी दिसली. आपण खेळत नव्हतो, आलेला खेळ बंद करत होतो, असा त्यांचा खुलासा. ते खेळत होते की नव्हते, यावर चौकाचौकांत वाद झडले. (नाशिककरांना वादाला विषय हवाच असतो.) पण तो खुलासा खरा धरला, तर गोष्ट अधिकच गंभीर नव्हे काय? मंत्र्याच्या हाती जो खेळ न बोलावता येतो, तो बेकार पदवीधराच्या हाती किती वेळा येत असेल?

पुढच्याच महिन्यात संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. वर्षाला सुमारे ४५ कोटी लोक २०,००० कोटी रुपये गमावतात, असा सरकारी अंदाज होता. शिक्षा खेळणाऱ्याला नाही, खेळ चालवणाऱ्याला आहे, हे मला योग्य वाटते. पण जुगारबंदीचा कायदा मुंबई इलाख्यात १८८७ पासून होता आणि मटका त्याच्या नाकावर टिच्चून चालला. तेव्हा कायद्यावर विसंबून कसे चालेल? वर्गातला मित्र वरचेवर दोनशे-पाचशे उसने मागू लागला, तर 'कशासाठी?' एवढे तरी विचारावे. शासनाची 'टेलि-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. तो क्रमांक आपल्या सूचनाफलकावर, वेळापत्रकाशेजारी, लावायला काय हरकत आहे?