"राउटर बंद करून परत चालू करा" म्हणे!

लाईट गेली की आपण आधी गॅलरीत जाऊन बघतो, शेजारी आहे का. नेट गेलं की मात्र प्रत्येक जण आपापल्या घरात राउटर बडवत बसतो.

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीत चार दिवस नेट नव्हतं. फोन केला की एकच उत्तर, "सर, राउटर बंद करून परत चालू करा." तिसऱ्या दिवशी मेसेज आला, 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.' अहो, कधी? घराकडे कुणी फिरकलंही नाही! शेजारच्या मुलीच्या अकरावी प्रवेशाचा फॉर्म भरायची शेवटची तारीख त्यातच होती. बाप-लेक रात्री सायबर कॅफे शोधत फिरले. फॉर्म भरला गेला, पण जीव टांगणीला लागला तो लागलाच.

दोष कुठे आहे हे आपल्याला सांगता येत नाही, म्हणून कंपनीचं फावतं. खरं तर पाच मिनिटांत कळतं.

१) फायबरच्या डब्यावरचा 'एलओएस' दिवा बघा. लाल असेल तर सिग्नलच येत नाहीये, बहुतेक वेळा वायर बाहेर तुटलेली असते. कॉम्प्युटरशी खेळू नका, दिव्याचा फोटो काढून ठेवा.

२) दिवा लाल नसेल तर वायफाय सोडून लॅन केबल थेट कॉम्प्युटरला लावा. नेट चाललं तर घोळ वायफायचा.

३) तरीही नाही? कमांड प्रॉम्प्ट उघडून राउटरचा पत्ता पिंग करा. तो राउटरच्या स्टिकरवर असतो, बऱ्याचदा १९२.१६८.१.१. उत्तर आलं तर कॉम्प्युटर ते राउटर ठीक आहे. मग ८.८.८.८ पिंग करा. इथे उत्तर नसेल तर दोष बहुधा राउटरच्या पुढे. उत्तर येतंय पण वेबसाइट उघडत नाहीत, तर डीएनएसची भानगड.

आता फोन करा आणि डॉकेट नंबर घेतल्याशिवाय ठेवू नका. मोठ्या कंपन्यांना ट्रायच्या नियमानुसार तो द्यावाच लागतो. तक्रार परस्पर बंद केली, तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत दाद मागता येते, तीही फुकट. फोनवरच्या पोरांवर मात्र डाफरू नका, त्यांना समोर लिहिलेलं वाचायचं असतं.

आमच्याकडे शेवटी काय निघालं? गटारीसाठी खणताना जेसीबीने वायर तोडली होती. खणण्याआधी वायरवाल्यांना कळवता यावं म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप आणलंय. पण आमच्या गल्लीत कुणी कुणाला विचारलं नाही. चार दिवस वीस घरं आपापला राउटर बंद-चालू करत राहिली.

माझं म्हणणं एवढंच. पुढच्या वेळी आधी गल्लीच्या ग्रुपवर विचारा, "तुमच्याकडे नेट आहे का?" दहा घरांचं गेलं असेल तर दहा डॉकेट नंबर घ्या. आणि रस्ता खणायला कुणी आलं तर उभं राहून विचारा, खाली कुणाच्या वायरी आहेत, त्यांना कळवलंत का?

बिल आपण दर महिन्याला वेळेवर भरतो. मग विचारायला लाज कसली?